प्रवाशांस सूचना : एका उपेक्षित वाङ्मयाचा इतिहास

प्रवासवर्णनें वाचणारे पुष्कळ. परंतु प्रवासास निघण्यापूर्वीं कंपनीकडून हातीं पडणारें सूचनापत्र लक्षपूर्वक वाचणारा मनुष्य आमच्या पाहण्यांत क्वचितच आला आहे. तिकिटाबरोबर आलेला तो कागद बहुधा पेटींत सर्वांत खालीं जाऊन बसतो, आणि बोट किनारा सोडून गेल्यावर त्याची आठवण होते. वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं ह्या प्रकाराकडे ढुंकूनही पाहिलेलें नाहीं, व त्यांत त्यांचा मोठासा दोष आहे असेंही म्हणवत नाहीं; कारण 'पेटीवर नांव ठळक अक्षरांत लिहावें' ह्या वाक्यांत रस कोणता आणि अलंकार कोणता, हें प्रत्यक्ष भरतमुनीसही सांगतां आलें नसतें. तथापि समाजस्थितीचें साधन म्हणून पाहूं लागल्यास हा नीरस कागद पुष्कळ काव्यग्रंथांहून अधिक बोलका ठरतो, असें आमचें मत आहे.

हल्लीं सुटींत विहारनौकेवर, म्हणजे ज्यास सर्वत्र 'क्रूझ' म्हणतात त्या सफरीवर, आपल्याकडील मध्यम स्थितींतील कुटुंबेंही जाऊं लागलीं आहेत. अशा कुटुंबाच्या हातीं जें सूचनापत्र येतें त्यांतील मुख्य कलमें थोडींच असतात. पासपोर्टाची मुदत सफर संपल्यावर आणखी सहा महिने तरी शिल्लक असावी. ज्या ज्या देशाच्या बंदरास बोट लागणार त्या त्या देशाचा प्रवेश-परवाना आधींच काढावा. रोजचीं औषधें मोठ्या पेटींत न टाकतां हातपिशवींत ठेवावींत. इस्त्री, मेणबत्ती वगैरे वस्तु आणूं नयेत. किनाऱ्यावर फिरावयास गेल्यास नेमल्या वेळेपूर्वीं परतावें, बोट कोणासाठीं थांबणार नाहीं. आणि पहिल्याच दिवशीं होणाऱ्या संकटकालीन कवाइतीस प्रत्येकानें हजर राहावें. ह्या ओळी वाचतांना त्या कोण्या कारकुनानें उगाच आपली हुकूमत दाखविण्यासाठीं लिहिल्या असाव्यात असें वाटतें. परंतु त्यांतील बहुतेकींच्या मागें कोठें तरी, केव्हां तरी, कोणाचे तरी हाल झालेले आहेत. कांहींच्या मागें तर शेंकडों प्रेतें आहेत. तो मागचा इतिहास आज थोडा उलगडून पाहावा असा आमचा विचार आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानास येणाऱ्या उतारूस भाड्याबद्दल काय मिळे? चार भिंती, आणि त्याही पुष्कळदां जाड कापडाच्या किंवा पातळ फळ्यांच्या. शत्रूचें जहाज दृष्टीस पडलें कीं त्या भिंती काढून तोफांस जागा मोकळी करून देत. खाट, गादी, टेबल, खुर्ची, तोंड धुण्याचें तस्त, दिवा, सगळें ज्याचें त्यानें आणावयाचें. तें जहाजाच्या सुताराकडून जमिनीस ठोकून किंवा दोरांनीं करकचून बांधून घ्यावयाचें. नाहीं तर पहिल्याच वादळांत आपल्याच पेटाऱ्याखालीं सांपडून पाय मोडून घ्यावयाचा. भाड्याचा करार बहुधा कप्तानाशीं होई, आणि जेवणही त्याच्याच टेबलावर असे. तेव्हां खोली कोणती मिळावी व जेवतांना कोणाच्या शेजारीं बसावें हें उतारूच्या पैशावर व हुद्द्यावर ठरे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणारा हा प्रवास पांचसहा महिन्यांचा. गोडें पाणी पिण्यापुरतें मोजून मिळे, तेथें कपडे धुण्यास कोठून मिळणार? त्यामुळें सदरे किती घ्यावेत ह्या प्रश्नाचें उत्तर डझनांच्या हिशेबानें द्यावें लागे. प्रवास संपला कीं खाटाटेबलें विकून टाकावयाचीं, व परत जाणाऱ्या एखाद्या साहेबानें तीं घ्यावयाचीं.

एवढा संसार बरोबर घ्यावयाचा तर त्याची यादी हवी, आणि यादी हवी तर ती सांगणारें पुस्तक हवें. कप्तान टॉमस विल्यमसन ह्यानें १८१० मध्यें 'ईस्ट इंडिया व्हेडी-मेकम' नांवाचा ग्रंथ दोन भागांत छापला, त्याचें मूळ ह्या गरजेंत आहे. हिंदुस्थानांत नोकरीस येणाऱ्या तरुण इंग्रजानें काय काय आणावें येथपासून, येथें आल्यावर नोकरचाकर कोणते ठेवावे येथपर्यंत सर्व माहिती त्यांत भरलेली आहे. ग्रंथ वाचतांना असें वाटतें कीं लेखकानें प्रवासाची सिद्धता सांगतां सांगतां एक अख्खी राज्यकर्ती जात कशी तयार करावी हेंच सांगितलें आहे. पेटींत काय घालावें आणि मनांत काय बाळगावें हीं दोन प्रकरणें तेथें एकमेकांत मिसळून गेलीं आहेत.

अशा लेखकांत आमच्या मनास विशेष चटका लावणारें नांव एका स्त्रीचें आहे. एमा रॉबर्ट्स ही बाई पूर्वीं कांहीं वर्षें उत्तर हिंदुस्थानांत राहून गेलेली. १८३९ मध्यें तिनें 'ईस्ट इंडिया व्हॉयेजर' नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें, व त्यांत निरनिराळ्या दर्जाच्या उतारूंस, विशेषतः एकट्यानें निघणाऱ्या स्त्रियांस, उपयुक्त असा उपदेश केला. पुस्तक बाहेर पडलें त्याच वर्षीं ती स्वतः पुन्हा निघाली. ह्या खेपेस केपच्या लांब वाटेनें न येतां फ्रान्स व ईजिप्त ओलांडून, तांबड्या समुद्रांतून मुंबईस उतरली. मुंबईंत तिनें वर्तमानपत्राचें काम केलें, सातारा पाहिला, आणि १८४० च्या सप्टेंबरांत पुण्यास तिचा अंत झाला. मारिया जेन ज्यूसबरी ही तिची लेखिका मैत्रीण सात वर्षांपूर्वीं पुण्यासच वारली होती. तिच्या थडग्याजवळच एमा रॉबर्ट्सलाही मूठमाती मिळाली. तिच्या ह्या शेवटच्या प्रवासाचें वर्णन १८४१ त लंडनमध्यें छापून निघालें, तें वाचावयास ती नव्हती. शेंकडों लोकांस सामानाच्या याद्या करून देणाऱ्या ह्या बाईस परतीची यादी करण्याचा प्रसंग आलाच नाहीं. तिनें सातारा पाहिला तेव्हां छत्रपति प्रतापसिंह नुकतेच पदच्युत झाले होते, आणि त्यांची दाद मागण्यासाठीं रंगो बापूजी ह्याच सुमारास उलट दिशेनें विलायतेस जाऊन १८५३ पर्यंत तेथें झगडत राहिले, हा योगायोगही नमूद करून ठेवण्यासारखा आहे.

रंगो बापूजींसारख्यांसाठीं मात्र कोणी 'व्हेडी-मेकम' लिहिलेलें नव्हतें. त्यांच्याही पूर्वीं, १७८१ मध्यें, राघोबादादांनीं हणमंतराव ह्या ब्राह्मण वकिलास पारशी सोबत्यांसह लंडनला धाडलें होतें. समुद्र ओलांडण्याचा दोष, परक्याच्या हातचें पाणी, स्वयंपाकाचें सोंवळें, ह्यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर इंग्रजी याद्यांत सांपडण्यासारखें नव्हतें. शेवटीं त्यांची अडचण ओळखून एडमंड बर्कनें त्यांस बीकन्सफील्डच्या आपल्या मळ्यांत नेलें, आणि तेथील झाडें वाढविण्याचें काचघर त्यांस स्वयंपाकासाठीं मोकळें करून दिलें. पार्लमेंटांतील बर्कचीं भाषणें आमच्या कॉलेजांतून पिढ्यान्पिढ्या शिकविलीं गेलीं. परंतु दूरच्या पाहुण्यास प्रथम काय लागतें हें ज्यास समजलें तो बर्क आम्हांस त्या भाषणांतल्या बर्कपेक्षां कमी थोर वाटत नाहीं.

इस्त्री व मेणबत्ती आणूं नये ह्या कलमाचें गोत्रही ह्याच शिडांच्या काळांत शोधावें लागतें. लांकूड, डांबर, दोर आणि दारूचीं पिंपें ह्यांनीं भरलेल्या जहाजावर खरा शत्रु पाणी नसून अग्नि असे. म्हणून रात्रीं ठराविक वेळीं उतारूंचे दिवे मालवावे लागत. १८२५ च्या १ मार्च रोजीं बिस्केच्या उपसागरांत 'केंट' हें कंपनीचें जहाज जळालें, त्याचें कारण एक दिवा. वादळांत तळाशीं सुटलेलें दारूचें पिंप पाहावयास गेलेल्या अधिकाऱ्याच्या हातून कंदील पडला, आणि पिंप फुटून पेट घेतला. 'केंब्रिया' नांवाचें लहानसें जहाज दैवानें जवळ होतें म्हणून पांचशेंहून अधिक माणसें वांचलीं. तरी सुमारें ऐंशी जणांस मरण आलें. आज खोलींत इस्त्री सांपडल्यास ती काढून घेतात, तेव्हां आपल्या स्वातंत्र्यावर घाला आला असें मानणाऱ्यांनीं 'केंट'ची हकीकत अवश्य वाचावी.

वाफेनें ही सगळी यादीच फिरविली. मुंबईच्याच गोदींत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट १८३० च्या २० मार्चला मुंबईहून सुएझकडे निघाली. तिच्यांत कोळसा राहावयाचा जेमतेम साडेपांच दिवस पुरेल इतका, आणि एडन तर त्याहून कितीतरी लांब! तेव्हां उतारूंच्या जागेंत, तुतकावर, जेथें मिळेल तेथें कोळशाचे ढीग रचून ती निघाली. माणसानें सामान घेऊन जावयाचें तें राहिलें. बोटच आपलें सामान माणसाच्या अंथरुणावर टाकूं लागली. परंतु हा अवघा दहावीस वर्षांचा संधिकाल होता. १८४० त राजाची सनद मिळविलेल्या पी. अँड ओ. कंपनीनें आणि तिच्यासारख्या इतर कंपन्यांनीं खाट, गादी, टेबल, ताट, वाटी हळूहळू आपल्याकडे घेतलीं. १८६९ त सुएझचा कालवा उघडला. आणि पांच महिन्यांचा प्रवास तीनचार आठवड्यांवर आला. मात्र ह्या बोटींचा खरा धनी उतारू नव्हता, टपाल होतें. टपालाच्या करारांत उशिराबद्दल दंडाचीं कलमें असत. तेव्हां बाजारांत रेंगाळलेल्या साहेबासाठीं कप्तान कशाला खोळंबतो? बोट कोणासाठीं थांबणार नाहीं, ही आजची तंबी मुळांत त्या टपालाच्या थैल्यांची आहे. थैल्या गेल्या, त्यांच्या जागीं बंदराचें भाडें आणि भरतीओहोटीचें वेळापत्रक आलें, तंबी होती तशीच राहिली.

उतारूकडे आतां काम उरलें तें सामानाची वांटणी करण्याचें. पेटीवर तीनपैकीं एक चिठ्ठी लावावी लागे: खोलींत पाहिजे, प्रवासांत लागेल, किंवा प्रवासांत लागणार नाहीं. दुसऱ्या प्रकारच्या पेट्या बोटीच्या पोटांत जात, व ठराविक दिवशींच त्यांचें दर्शन होई. आपल्याला खरोखर काय लागतें आणि काय लागत नाहीं, हा प्रश्न वेदान्त्यांनीं शतकानुशतकें विचारला. परंतु तो तीन रंगीत चिठ्ठ्यांवर आणून ठेवण्याचें काम आगबोटीच्या कारकुनानें केलें. जातां जातां एका दंतकथेचा निरास करून ठेवूं. जातांना बोटीच्या डाव्या अंगाची व येतांना उजव्या अंगाची खोली थंड, म्हणून श्रीमंत उतारू ती मागत, व त्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'पॉश' हा शब्द निघाला, असें पुष्कळजण मोठ्या विश्वासानें सांगतात. तांबड्या समुद्रांत डावें अंग जातांना सावलींत राहतें हें खरें. परंतु अशी अक्षरें छापलेलें एकही तिकीट आजवर कोणास दाखवितां आलेलें नाहीं.

ह्या वांटणींत चूक झाली म्हणजे काय होतें, ह्याचें उत्तम उदाहरण महात्मा गांधींनीं आपल्या आत्मकथेंत स्वतःच देऊन ठेवलें आहे. १८८८ च्या ४ सप्टेंबरला ते 'क्लाइड' बोटीनें मुंबईहून निघाले. कांटेचमचे धरण्याची संवय नाहीं, कोणत्या पदार्थांत मांस नाहीं हें विचारण्याचा धीर नाहीं. म्हणून बरोबर आणलेली मिठाई व फळें ह्यांवरच त्यांनीं बरेचसे दिवस काढले. किनाऱ्यावर उतरतांना शोभावे म्हणून पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे त्यांनीं मुद्दाम राखून ठेवले होते. उतरून पाहतात तों सप्टेंबरअखेरच्या त्या थंडींत असे कपडे घातलेले ते एकटेच! इतरांचें पाहून सगळें सामान त्यांनीं एका कंपनीच्या एजंटाकडे किल्ल्यांसकट सोंपवून दिलेलें. दुसरा दिवस रविवारचा. तेव्हां कपडे बदलण्याचीही सोय राहिली नाहीं. आजच्या सूचनापत्रांत 'मोठ्या पेट्या खोलींत पोंचावयास उशीर लागतो. औषधें, कागदपत्रें व एक जोड कपडे हातपिशवींत ठेवावे' असें कलम असतें, त्यावर ह्याहून चांगलें भाष्य आम्हांस माहीत नाहीं.

येथपर्यंतचा उतारू कोठें तरी जाण्यासाठीं बोटींत बसत होता. केवळ बसण्यासाठीं बोटींत बसणें ही कल्पना पुष्कळ उशिरांची. १८४४ त पी. अँड ओ. कंपनीनें थॅकरे ह्या कादंबरीकारास फुकट तिकीट दिलें. भूमध्य समुद्रांतील बंदरें हिंडून त्यानें त्याचें विनोदी वर्णन लिहिलें, आणि कंपनीस हवी होती ती जाहिरात आपोआप झाली. ह्या प्रकारास खरें रूप आलें तें १८६७ च्या जूनमध्यें न्यूयॉर्कहून निघालेल्या 'क्वेकर सिटी' ह्या वाफेच्या बोटीवर. युरोप, ईजिप्त व पवित्र भूमि पाहून पांच महिन्यांनीं परत यावयाचें. भाडें १,२५० डॉलर. किनाऱ्यावरील खर्चासाठीं दर दिवशीं सोन्याचे पांच डॉलर निराळे. ह्या सफरीचें छापील पत्रक सुरक्षित राहिलें त्याचें कारण मार्क ट्वेन बातमीदार म्हणून बोटीवर होता, व त्यानें तें १८६९ च्या आपल्या 'इनोसंट्स ॲब्रॉड' ह्या पुस्तकांत दाखल केलें.

सफरीस काय काय आणावें म्हणून सांगण्यांत आलें होतें तें ट्वेननें दिलें आहे, आणि त्यांत मोठी गंमत आहे. बोटीवर करमणुकीसाठीं हलकीं वाद्यें, सीरियांत घोड्यावर बसण्यासाठीं खोगीर, हिरवे चष्मे, छत्र्या, ईजिप्तच्या उन्हासाठीं बुरखे, आणि यात्रेच्या दगदगींत टिकतील असे दणकट कपडे. खाट व तस्त गेलें आणि त्यांच्या जागीं बाजा व चष्मा आला! विल्यमसनच्या यादींत प्रत्येक वस्तूमागें 'ही नसेल तर मराल' असा धाक होता. ह्या यादींत 'ही नसेल तर कंटाळाल' एवढीच भीति उरली. विहारयात्रेचा जन्म आम्हीं ह्या फरकापासून मोजतों. पुढें १८८१ त 'सिलोन' ही जुनी बोट हौशी उतारूंस घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली. आणि १८९१ च्या २२ जानेवारीस हांबुर्गच्या आल्बर्ट बालिन ह्यानें 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' ही बोट २४१ उतारूंसह भूमध्य समुद्रांत दोन महिन्यांच्या विहारास नेली. हिंवाळ्यांत अटलांटिकवर गिऱ्हाईक नसे व बोटी रिकाम्या पडून राहत. त्यांचें काय करावें ह्या व्यापारी विवंचनेंतून ही मौज निघाली. केवळ विहारासाठींच त्याच कंपनीनें बांधलेली पहिली बोट 'प्रिंझेसिन व्हिक्टोरिया लुईझे' १८०० सालच्या शतकाच्या अगदीं अखेरीस पाण्यांत उतरली, आणि १९०६ च्या डिसेंबरांत जमैकाच्या खडकावर चढून निकामी झाली. उतारू सारे वांचले. कप्तानानें मात्र आपल्या खोलींत जाऊन स्वतःस गोळी घालून घेतली.

परंतु ह्याच वर्षांत समुद्रावर दुसरेही उतारू होते, आणि संख्येनें ते ह्या हौशी मंडळींच्या कितीतरी पट होते. त्यांची खाट, तस्त, शिदोरी कंपनीनें कधींच आपल्याकडे घेतली नाहीं. मुंबईहून जिद्द्यास जाणारे हाजी आपलें धान्य, सरपण व भांडीं घेऊन तुतकावर पथाऱ्या टाकीत. १८६५ त मक्केच्या यात्रेंत पटकी उद्भवली व परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ईजिप्तमार्गें युरोपांत शिरली. तेव्हां युरोपीय राष्ट्रांनीं १८६६ त कॉन्स्टँटिनोपलला परिषद भरविली, आणि पुढें यात्रेकरूंस तांबड्या समुद्रांत कामरान बेटावर अडकवून ठेवण्याची चाल पडली. १८९६ त मुंबईंत ग्रंथिज्वर उद्भवला, तेव्हां दुसऱ्याच वर्षीं व्हेनिसला त्याविषयीं परिषद झाली. आज आफ्रिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या कांहीं बंदरांवरून येणाऱ्या उतारूस पीतज्वराची लस टोंचल्याचा दाखला दाखवावा लागतो. तो दाखला ज्या आंतरराष्ट्रीय नियमांनीं मागितला जातो, त्यांचा वंशवृक्ष ह्या परिषदांपर्यंत जातो. गरीब यात्रेकरूंच्या हालांनीं जे नियम झाले त्यांचें संरक्षण आज विहारनौकेवरील श्रीमंतास मिळतें.

१८८० मधील 'जेद्दा' बोटीची हकीकत तर अंगावर कांटा आणणारी आहे. नऊशेंहून अधिक मुसलमान यात्रेकरू घेऊन ती सिंगापूर-पिनांगकडून निघाली होती. ऑगस्टमध्यें वादळांत तिच्यांत पाणी शिरलें. कप्तान व गोरे अधिकारी एक होडी घेऊन निसटले, वाटेंत दुसऱ्या बोटीनें उचलले जाऊन एडनला पोंचले, आणि आपली बोट सर्व उतारूंसह बुडाली असें त्यांनीं सांगितलें. दुसऱ्या दिवशीं 'अँटिनोर' ह्या बोटीनें ओढीत आणलेली 'जेद्दा' एडनच्या बंदरांत दाखल झाली! यात्रेकरूंनीं पाणी उपसून उपसून तिला तरंगत ठेवलें होतें. एडन त्या वेळीं मुंबई इलाख्याच्या कारभाराखालीं होतें. जोसेफ कॉनरॅडची 'लॉर्ड जिम' ही कादंबरी ह्याच घटनेवरून सुचली, हें इंग्रजीच्या वाचकांस ठाऊक आहेच. आम्हांस त्या कादंबरींतील नायकाच्या पश्चात्तापापेक्षां बादल्या हातीं घेऊन रांगेंत उभ्या राहिलेल्या त्या निनांवी हाजींविषयीं अधिक कुतूहल वाटतें. पण त्यांच्यावर कादंबरी कोणी लिहिली नाहीं.

कोंकणच्या उतारूची स्थिति ह्याहून फारशी निराळी नव्हती. वळकटी, फिरकीचा तांब्या, भाकरीचें गांठोडें. बोट लागूं नये म्हणून तोंडांत आवळकाठी किंवा लिंबाची फोड. एवढी त्याची सिद्धता. बोटींस नांवें मात्र साधुसंतांचीं. १९२७ च्या नोव्हेंबरांत 'जयंती' व 'तुकाराम' ह्या दोन बोटी एकाच दिवशीं बुडाल्या. आणि १९४७ च्या १७ जुलैस, आषाढांतल्या अमावास्येच्या दिवशीं, सकाळीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' वाटेंतच उलटली. पावसाचा मारा चुकविण्यासाठीं व मोठ्या लाटेच्या भयानें उतारू एका अंगास लोटले, आणि बोट त्याच अंगावर कलंडली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. बोटीवर बिनतारी संदेशाचें यंत्र नव्हतें. मुंबई इतक्या जवळ असून बातमी पोंचावयास दुपार उलटली. कांहीं जणांस किनाऱ्याच्या कोळ्यांनीं आपल्या होड्यांतून वांचविलें. स्वातंत्र्य अवघ्या एका महिन्यावर आलें होतें, म्हणून असेल, आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ह्या दिवसास जागा मिळालेली नाहीं. संकटांत बोटीच्या कोणत्या भागीं उभें राहावें, तरंगण्याचें साधन कोठें आहे, कोणाचें ऐकावें, हें त्या उतारूंस कोणीं सांगितलें होतें?

पण श्रीमंतांस तरी कोणीं सांगितलें होतें? १९१२ च्या एप्रिलमध्यें 'टायटॅनिक' बुडाली तेव्हां तिच्यावर सुमारें बावीसशें माणसें होतीं. जीवनौका वीस, त्यांत जागा १,१७८. ह्यांत कायदा मोडला गेला नव्हता, हीच त्यांतील भयंकर गोष्ट होय. इंग्लंडांतील नियमाप्रमाणें होड्यांची संख्या बोटीच्या आकारावर ठरे, माणसांच्या संख्येवर नाहीं. आणि तो कोष्टक दहा हजार टनांच्या पुढें चढतच नव्हता. 'टायटॅनिक' शेहेचाळीस हजारांची. शिवाय ज्या होड्या होत्या त्याही भरल्या नाहींत. पासष्ट जणांची पहिली होडी अठ्ठावीस जणांस घेऊन खालीं उतरली. कारण आपली होडी कोणती, ती कोठें आहे, तिच्यांत केव्हां बसावें, हें उतारूंस कोणीं शिकविलेंच नव्हतें, आणि उबदार दिवाणखाना सोडून काळोखांत लोंबकळणाऱ्या होडींत पाय टाकण्यास पुष्कळजण तयार नव्हते. ह्या आपत्तीनंतर १९१४ च्या जानेवारींत लंडनला समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. महायुद्धामुळें तो तसाच राहिला. पण १९२९, १९४८, १९६० व १९७४ असा तो पुन्हां पुन्हां नवा होत गेला, व उतारूंची कवाईत हें त्याचें एक कायमचें कलम बनलें.

कलम होतें, पण त्यांत एक फट होती. बोटींत चढल्यापासून चोवीस तासांच्या आंत कवाईत व्हावी, एवढेंच तें सांगे. २०१२ च्या १३ जानेवारीस 'कोस्टा कोंकोर्डिया' ही प्रचंड विहारनौका रोमजवळच्या चिव्हिताव्हेक्किया बंदरांतून चार हजारांवर माणसें घेऊन निघाली. त्या बंदरांत चढलेल्या शेंकडों नव्या उतारूंची कवाईत दुसऱ्या दिवशीं व्हावयाची होती. त्याच रात्रीं जेवणाच्या वेळीं बोट जिल्यो बेटाच्या खडकावर घांसली. बत्तीस माणसें मेलीं. आणि कप्तान उतारूंच्या आधीं बोट सोडून गेला, म्हणून पुढें त्यास सोळा वर्षांची शिक्षा झाली. 'जेद्दा'ला तेव्हां एकशेंबत्तीस वर्षें होत आलीं होतीं. त्यानंतर कंपन्यांनीं आपण होऊन, आणि १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमानें, ही कवाईत बोट निघण्यापूर्वीं किंवा निघतांच घेण्याचें ठरलें.

दोनशें वर्षांत उतारूच्या यादींतून खाट गेली, तस्त गेलें, डझनावारी सदरे गेले, खोगीर गेलें. अन्न, पाणी, दिवा, वैद्य सगळें कंपनीनें आपल्याकडे घेतलें. औषधें विसरल्यास बोटीवरील दवाखान्यांत तीं बहुधा मिळतात, फार तर बिल मोठें येतें. कपडे विसरल्यास दुकान आहे. कवाइतीचें मात्र कंत्राट देतां येत नाहीं, आणि हौशी उतारूस नेमकी तीच नकोशी होते. ती चुकविण्यासाठीं स्नानगृहांत दडून बसणारे आम्हीं ऐकले आहेत. अलीकडे, २०२० नंतर, पुष्कळ बोटींवर सर्वांस एकत्र उभें करण्याऐवजीं चित्रफीत पाहून ज्यानें त्यानें आपली जमण्याची जागा जाऊन पाहून यावें, अशी सवलत झाली आहे. सोय मोठी, पण चित्रफीत एकीकडे चालूं असतां दुसरीकडे पेटी उघडण्याचा मोह कितीजण आवरतात, ह्याची आम्हांस शंका आहे.

म्हणून सफरीस निघणाऱ्या कुटुंबास आमचें सांगणें एवढेंच कीं, पेट्या खोलींत येऊन पडण्यापूर्वीं मुलांस व वडील माणसांस बरोबर घेऊन खोलीपासून आपल्या जागेपर्यंत एकदां पायीं चालून जावें, व पाळण्यानें न जातां जिन्यानें जावें. कारण संकटाच्या वेळीं पाळणा वापरावयाचा नसतो. जिने किती उतरावे किंवा चढावे लागतात तें मुलांकडून मोजून घ्यावें. लाइफ-जाकिटें खोलींत कोठें ठेवलीं आहेत तें पाहावें, आणि लहान मुलांच्या मापाचें नसल्यास तें त्याच दिवशीं मागून घ्यावें. खोलीच्या दारामागें एक नकाशा लावलेला असतो. त्याच्याखालीं धोक्याच्या भोंग्याची खूण लिहिलेली असते: सात आंखूड, नंतर एक लांब.